विश्लेषण : फिनाइलचा वास आला म्हणजे वॉर्ड सुरक्षित झाला का? रुग्णालयातील हवा, पृष्ठभाग आणि विषाणू

भद्रावतीच्या ग्रामीण रुग्णालयात ताप-खोकल्याचा रुग्ण दाखल होतो. प्रकृती बिघडली तर त्याला चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि तिथूनही गरज पडल्यास नागपूरला पाठवले जाते. या प्रवासात त्याच्यासोबत पत्नी, भाऊ, कधी गावातील आशाताई असते. ही माणसे वॉर्डात, व्हरांड्यात, एक्स-रेच्या रांगेत तासन् तास बसतात. आजारी कुणीच नसते; पण श्वास सगळेच घेत असतात.

रुग्णालय स्वच्छ आहे की नाही, हे आपण डोळ्यांनी आणि नाकाने ठरवतो. फरशी चकचकीत आहे, फिनाइलचा वास येतो आहे, म्हणजे सगळे ठीक. करोनाच्या काळात जगभर झालेल्या संशोधनाने मात्र या समजाला मोठा धक्का दिला. फरशी पुसून हवेतील विषाणू जात नाही आणि हवेशीर खोलीतही काही विषाणू दाराच्या कडीवर दिवसेंदिवस टिकतात. कोणता विषाणू कोणत्या वाटेने जातो, वॉर्डातील हवा बदलते म्हणजे नेमके काय होते आणि ४७-४८ अंशांच्या चंद्रपुरी उन्हाळ्यात हे कसे जमवायचे, ते समजून घेऊ या.

रुग्णालयाच्या हवेत विषाणू खरोखर सापडला का?

हो, आणि तोही भारतातच. हैदराबादची ‘सीसीएमबी’ आणि चंडीगडची ‘इमटेक’ या सीएसआयआरच्या दोन प्रयोगशाळांनी हैदराबाद आणि मोहालीतील रुग्णालयांच्या सहकार्याने हवेचे नमुने गोळा केले. करोना वॉर्ड, इतर वॉर्ड, करोनाबाधित व्यक्ती थोडा वेळ बसलेल्या बंद खोल्या आणि गृहविलगीकरणातील रुग्णांची घरे, अशा वेगवेगळ्या जागा त्यासाठी निवडल्या. हा अभ्यास २०२२ मध्ये ‘जर्नल ऑफ एरोसोल सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातील एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. खोलीत दोन किंवा अधिक करोना रुग्ण असतील तर हवेच्या नमुन्यांपैकी ७५ टक्के नमुन्यांत विषाणूचा अंश सापडला. एकच रुग्ण असेल किंवा रुग्ण नुकताच निघून गेला असेल, तर हे प्रमाण १५.८ टक्के होते. अतिदक्षता विभाग आणि साधा वॉर्ड यांत फारसा फरक आढळला नाही. काही नमुन्यांतील विषाणू पेशींना संसर्ग करण्याइतका जिवंत होता.

याचा सरळ अर्थ असा की, धोका फक्त गंभीर रुग्णांच्या खोलीत नसतो. एका खोलीत किती बाधित माणसे आहेत आणि तिथली हवा किती वेळा बदलते, यावर तो ठरतो. सरकारी रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात दहा खाटा आणि प्रत्येक खाटेशी एक-दोन नातेवाईक असतात, हे लक्षात घेतले की या निष्कर्षाचे महत्त्व कळते.

थेंब आणि सूक्ष्मकण यांत फरक काय?

आपण खोकतो, शिंकतो किंवा नुसते बोलतो तेव्हा तोंडा-नाकातून वेगवेगळ्या आकाराचे कण बाहेर पडतात. मोठे थेंब जड असल्याने साधारण दोन मीटरच्या आत खाली पडतात. लहान कण मात्र हवेतच वाळून आणखी हलके होतात आणि उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. त्यांना एरोसोल म्हणतात.

आयआयटी मुंबईतील प्रा. अमित अग्रवाल आणि प्रा. रजनीश भारद्वाज यांनी २०२० मध्ये खोकल्यातून निघणाऱ्या हवेच्या ढगाचे गणित मांडले. त्यानुसार हा ढग पहिल्या ५ ते ८ सेकंदांत महत्त्वाचा असतो, त्यानंतर तो खोलीतील हवेत विरू लागतो. खोकणाऱ्याने साधा सर्जिकल मास्क लावला तर ढगाचे आकारमान सुमारे सातपट आणि एन-९५ लावला तर सुमारे २३ पट कमी होते. म्हणजे मास्कचा सर्वाधिक उपयोग खोकणाऱ्याने तो लावला तर होतो.

ढग विरला म्हणजे विषाणू संपला असे नाही. तो खोलीभर पातळ पसरलेला असतो. खोली बंद असेल आणि नवे कण येतच राहिले, तर हवेतील साठा वाढत जातो. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये काढलेल्या पत्रकात मोठे थेंब दोन मीटरपर्यंत, तर एरोसोल दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, असे स्पष्ट केले होते. दारे-खिडक्या उघड्या ठेवा, एक्झॉस्ट फॅन लावा, हा त्यातील मुख्य सल्ला होता. ‘दो गज की दूरी’ बंद खोलीत पुरी पडत नाही, ती यामुळेच.

पृष्ठभागांवर विषाणू किती काळ टिकतो?

मार्च २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका प्रयोगाने जगभर खळबळ उडवली. प्रयोगशाळेत करोना विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि तांब्यावर फक्त ४ तासांपर्यंत जिवंत आढळला. स्टीलवरही तो दोन दिवस टिकला. त्यानंतर आपण भाजी धुतली, नोटांना इस्त्री केली, दुधाच्या पिशव्या सॅनिटायझरने पुसल्या.

वुहानच्या हुओशेनशान रुग्णालयातील पाहणीही त्याच सुमारास आली. तिथे अतिदक्षता विभागातील कॉम्प्युटरच्या माउसचे आठपैकी सहा नमुने बाधित होते. कचऱ्याचे डबे, खाटांचे कठडे आणि कर्मचाऱ्यांच्या बुटांचे तळवेही बाधित होते. फरशीवर पडलेला विषाणू बुटांसोबत वॉर्डाबाहेर फिरत होता.

पण यात एक बारकावा आहे. अशा बहुतेक पाहण्यांत आरटी-पीसीआर चाचणीने विषाणूचा जनुकीय अंश शोधला जातो. तो अंश मेलेल्या विषाणूचाही असू शकतो. चोर येऊन गेल्याचे पाऊल सापडले, म्हणून चोर अजून घरातच आहे असे होत नाही. पुढे अधिक अभ्यास झाल्यावर अमेरिकेच्या ‘सीडीसी’ने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की, करोनाबाधित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकापेक्षा कमी आहे.

आयआयटी मुंबईच्या याच दोन प्राध्यापकांनी थेंब वाळण्याचाही अभ्यास केला होता. दमट हवेत थेंब वाळायला कोरड्या हवेच्या सुमारे पाचपट वेळ लागू शकतो, असे त्यात दिसले. काच-प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओलाव्याचा अतिशय पातळ थर मागे उरतो. कागद-कापडासारख्या सच्छिद्र वस्तूंवर तो लवकर जातो. म्हणजे वॉर्डात चादरीपेक्षा सलाइनच्या स्टँडकडे, स्विचकडे आणि खाटेच्या कठड्याकडे अधिक लक्ष हवे. मे महिन्यातील कोरड्या भद्रावतीपेक्षा जुलै-ऑगस्टमधील ओली भद्रावती या बाबतीत जास्त जोखमीची.

मग पुसणे सोडून द्यायचे का?

मुळीच नाही. करोनाचा धडा सगळ्या विषाणूंना लागू होत नाही. प्रत्येक विषाणूची वाट वेगळी असते.

- गोवर : जवळजवळ पूर्णपणे हवेतून. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवा संसर्गजन्य राहू शकते. लस न घेतलेल्या लोकांत एक रुग्ण १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो. २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा लसीकरणातील फट किती महागात पडते ते दिसले.
- करोना, फ्लू : हवा आणि जवळचा संपर्क या मुख्य वाटा, पृष्ठभाग दुय्यम.
- नोरोव्हायरस, रोटाव्हायरस : उलटी-जुलाबातून हात, नळ, भांडी, शौचालयाची कडी या वाटेने. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचे सॅनिटायझर नीट चालत नाही. साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात आणि शौचालय ब्लीचने स्वच्छ करावे लागते.
- हिपॅटायटिस बी : रक्तातून. वाळलेल्या रक्ताच्या डागात हा विषाणू किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. टेबलाच्या कडेवरचा न दिसणारा डागही म्हणूनच महत्त्वाचा.

थोडक्यात, जुलाबाच्या वॉर्डात पोछा आणि ब्लीच ही पहिली ढाल. खोकल्याच्या वॉर्डात खिडकी ही पहिली ढाल. अडचण अशी की, आपल्याकडे दोन्ही ठिकाणी पोछाच फिरतो.

रुग्णालयच आजाराचे केंद्र बनू शकते का?

याची उदाहरणे दुर्दैवाने बरीच आहेत.

मार्च २००३. हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयातील ‘८ ए’ वॉर्डात न्यूमोनियाचा एक रुग्ण दाखल झाला. तो सार्सचा रुग्ण आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्याला नेब्युलायझरने दिवसातून अनेकदा औषधी वाफ दिली जात होती. त्यामुळे विषाणू वॉर्डभर पसरण्यास मदत झाली असावी, असे त्या वेळच्या डॉक्टरांचे मत पडले. काही दिवसांतच या रुग्णालयाशी संबंधित १३८ जणांना सार्सची लागण झाल्याची नोंद झाली. त्यांतील निम्मे आरोग्य कर्मचारी होते, तर १६ वैद्यकीय विद्यार्थी.

मे २०१८. केरळच्या कोझिकोडे जिल्ह्यातील पेरांब्रा तालुका रुग्णालय. निपाहचा पहिला रुग्ण इथे दाखल झाला, तेव्हा आजाराचे निदान झाले नव्हते. तिथल्या परिचारिका लिनी पुथुसेरी यांनी त्याची शुश्रूषा केली आणि नंतर निपाहनेच त्यांचा मृत्यू झाला. पुढे हा रुग्ण कोझिकोडेच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि तिथल्या तपासणीसाठीच्या गर्दीच्या व्हरांड्यातही अनेकांना लागण झाली. या उद्रेकात १७ जणांचा जीव गेला. त्यांतील बहुतेकांना संसर्ग घरी नव्हे, रुग्णालयात झाला होता. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, म्हणजे ‘एनआयव्ही’ने पक्के केले. याच संस्थेला पुढे महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाहविरोधी प्रतिपिंडे सापडली.

एप्रिल २०२०. मुंबई सेंट्रल येथील वोक्हार्ट रुग्णालयातील २६ परिचारिका आणि तीन डॉक्टरांना करोना झाल्याचे आढळले. महापालिकेने संपूर्ण रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र जाहीर केले.

तिन्ही घटनांतील समान धागा पाहा. रुग्णाला नेमके काय झाले आहे, हे पहिले काही दिवस कुणालाच माहीत नव्हते. निदान होईपर्यंत विशेष खबरदारी कुणी घेत नाही. म्हणून निदान होण्याआधीच्या त्या काळात, रोजच्या साध्या सवयी आणि रोजची साधी हवाच माणसांना वाचवते. पेरांब्रा हे एक तालुका रुग्णालय होते, ही गोष्ट भद्रावती, वरोरा, चिमूर किंवा अहेरीने विसरू नये अशी आहे. जंगलाला लागून असलेल्या जिल्ह्यात अनोळखी तापाचा पहिला रुग्ण मोठ्या शहरातील तज्ज्ञाकडे जाण्याआधी इथल्याच ओपीडीत येईल.

‘हवा बदलणे’ म्हणजे नेमके काय?

अभियंते हे एका सोप्या आकड्यात मोजतात. खोलीत जितकी हवा मावते, तितकी नवी हवा एका तासात किती वेळा आत येते? सहा वेळा आली तर तासाला सहा ‘हवाबदल’.

सीडीसीच्या तक्त्यानुसार, हवा नीट मिसळते असे धरले तर, हवेतील ९९ टक्के कण बाहेर जायला लागणारा वेळ असा :

- तासाला २ हवाबदल : १३८ मिनिटे
- तासाला ४ हवाबदल : ६९ मिनिटे
- तासाला ६ हवाबदल : ४६ मिनिटे
- तासाला १२ हवाबदल : २३ मिनिटे

हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या नव्या विलगीकरण कक्षासाठी तासाला किमान १२ हवाबदलांची शिफारस आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नैसर्गिक वायुवीजनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार साध्या वॉर्डात प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर आणि हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या खोलीत १६० लिटर ताजी हवा हवी.

हे एका वॉर्डाला लावून पाहू. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच वॉर्ड. म्हणजे २१० घनमीटर हवा. दहा रुग्णांना प्रत्येकी ६० लिटर म्हणजे सेकंदाला ६०० लिटर, तासाला २,१६० घनमीटर. २१० ने भागले की उत्तर येते, तासाला सुमारे दहा हवाबदल. वाटतो तितका हा आकडा अवघड नाही.

पेरूची राजधानी लिमा इथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. आठ रुग्णालयांतील ७० नैसर्गिक हवेच्या खोल्या तपासल्या गेल्या. दारे-खिडक्या उघडल्यावर सरासरी तासाला २८ हवाबदल झाले. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत तर हा आकडा ४० वर गेला. यंत्राने हवा खेळवणाऱ्या आधुनिक खोल्यांत तो १२ होता. टीबीच्या रुग्णांसोबत २४ तास राहिल्यास संसर्गाचा धोका किती, याचा अंदाज संशोधकांनी मांडला. यंत्राच्या हवेच्या खोल्यांत ३९ टक्के, नव्या नैसर्गिक हवेच्या खोल्यांत ३३ टक्के आणि जुन्या इमारतींत फक्त ११ टक्के. टीबी हा जिवाणूचा आजार आहे, विषाणूचा नाही. पण हवेत तरंगणाऱ्या कणाला आत काय बसले आहे याने फरक पडत नाही. खिडकी उघडली की दोघेही बाहेर जातात.

चंद्रपूरच्या उन्हात खिडकी उघडायची कशी?

खरा पेच इथेच आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी खिडकी उघडली तर रुग्णाला उष्माघात व्हायचा. त्यात कोळशाच्या पट्ट्यातील धूळ, रात्री डास. म्हणून वॉर्ड बंद होतो आणि एसी किंवा पंखे सुरू होतात.

इथे तीन यंत्रांतील फरक समजून घ्यायला हवा.

छताचा पंखा हवा फक्त ढवळतो. नवी हवा आणत नाही, जुनी बाहेर टाकत नाही.

स्प्लिट एसी खोलीतीलच हवा ओढून, थंड करून परत खोलीतच सोडतो. बाहेरच्या युनिटकडून ताजी हवा येते, हा गैरसमज आहे. त्या नळ्यांतून फक्त गॅस फिरतो. बंद एसी वॉर्डात म्हणून हवाबदल जवळजवळ शून्यावर येऊ शकतो. वातानुकूलन अभियंत्यांची संघटना ‘इशरे’ने एप्रिल २०२० मध्ये दिलेला सल्ला असा होता की, एसी चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवा आणि एक्झॉस्ट फॅन लावा. विजेचे बिल थोडे वाढेल, हे मान्य करूनच.

खिडकीत बसवलेला कूलर मात्र वेगळा. तो बाहेरची हवा ओल्या ताटीतून ओढून आत ढकलतो. मोठ्या कूलरच्या डब्यावर तासाला तीन-चार हजार घनमीटर हवा असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात निम्मीच मिळाली तरी वरच्या उदाहरणातील वॉर्डाला तासाला सात ते दहा हवाबदल मिळतात. विदर्भात घरोघरी दिसणारा हा पत्र्याचा डबा विषाणूंच्या बाबतीत महागड्या एसीपेक्षा सरस ठरू शकतो.

पण त्याला तीन अटी आहेत. पहिली, कूलर खिडकीबाहेर हवा, खोलीच्या मध्यभागी नाही. आत ठेवलेला कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो आणि खोली चिकट करतो. दुसरी, समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट हवी. ‘कूलर लावला की मागचे दार थोडे उघडे ठेवा’, हे आपल्या घरांत सांगितले जाते, त्यामागचे शास्त्र हेच. तिसरी, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करायला हवी. आरोग्य विभाग ज्याला ‘कोरडा दिवस’ म्हणतो तो हाच. नाही तर खोकल्याचा विषाणू घालवताना त्याच टाकीत डेंग्यूचा डास वाढेल.

आणखी एक गोष्ट फुकट आहे : खाटांची मांडणी. हवा कूलरकडून बाहेर जाण्याच्या वाटेकडे वाहते. खोकणाऱ्या रुग्णाची खाट कूलरसमोर ठेवली तर त्याचा श्वास सगळ्या वॉर्डावरून जातो. तीच खाट बाहेर जाणाऱ्या खिडकीजवळ ठेवली तर तो थेट बाहेर पडतो. फक्त ती वाट लोकांनी भरलेल्या व्हरांड्यात उघडत नाही ना, एवढे पाहावे. पेरांब्रानंतर व्हरांड्याला कमी लेखता येत नाही.

वॉर्डातील हवा खेळती आहे, हे कसे ओळखाल?

एक पातळ कागदी पट्टी दाराच्या फटीशी किंवा खिडकीशी धरा. ती ज्या दिशेला फडफडेल, ती हवेची दिशा. हलतच नसेल तर हवाही हलत नाही. उदबत्तीचा धूर हा जुना उपाय आहे. पण ऑक्सिजन सुरू असलेल्या जागी विस्तव अजिबात नेऊ नका.

अधिक अचूक माप म्हणजे कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांमागे साधारण ४२० भाग असतो. माणसे उच्छ्वासातून तो सोडतात, त्यामुळे बंद खोलीत तो वाढत जातो. मीटरवर आकडा हजाराच्या पुढे गेला की समजा, तुम्ही दुसऱ्याच्या फुप्फुसातून आलेली हवा बऱ्याच प्रमाणात घेत आहात. मोबाइलएवढे हे मीटर बाजारात मिळतात. घेताना त्यात ‘एनडीआयआर’ सेन्सर आहे का, तेवढे पाहावे. एका रुग्णालयाला एक मीटर पुरतो. सकाळ, दुपार, मध्यरात्र अशी तीनदा प्रत्येक वॉर्डात नोंद केली की कोणती खोली घुसमटते आहे ते आठवडाभरात कळते.

खिडकीची जाळीही पाहा. धुळीने बुजलेली जाळी म्हणजे उघडी दिसणारी बंद खिडकी. महिन्यातून एकदा ती धुण्याने जितका फरक पडतो, तितका अनेक महागड्या फवारण्यांनी पडत नाही.

सफाईची योग्य पद्धत कोणती?

फिनाइलला वास असतो, म्हणून ते प्रभावी वाटते. विषाणूंसाठी रुग्णालयांत मुख्यतः सोडियम हायपोक्लोराइट वापरले जाते. बाजारातील ५ टक्क्यांचे द्रावण असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी मिसळले की १ टक्का होते. काही गोष्टी मात्र काटेकोर पाळाव्या लागतात.

- आधी घाण, उलटी, रक्त पुसून घ्यावे, मगच हायपोक्लोराइट. घाणीवर ओतलेले ब्लीच घाणीतच खर्ची पडते.
- द्रावण लावल्यावर साधारण दहा मिनिटे पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. लगेच कोरडे पुसले तर उपयोग नाही.
- द्रावण रोज ताजे बनवावे. उन्हात, उघड्या बादलीत त्याची ताकद झपाट्याने उतरते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर अधिकच.
- शौचालयाच्या ॲसिडसोबत ते कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.
- कोरडा झाडू नको. त्याने खाली बसलेले कण पुन्हा हवेत उडतात. ओला पोछा, आणि तोही स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे.
- फरशीइतकेच लक्ष जिथे हात लागतात तिथे : कडी, स्विच, नळ, कठडा, बीपीचा पट्टा, संगणकाचा माउस.

माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितले होते. तरीही तेव्हा जागोजागी फवारणीचे बोगदे उभे राहिले. दिसणाऱ्या उपायावर पैसा खर्च होतो आणि न दिसणारी हवा मागे राहते, याचे ते ठळक उदाहरण.

आणि हे सगळे करतो कोण? बहुतेक ठिकाणी कंत्राटी सफाई कामगार. द्रावणाचे प्रमाण, हातमोजे, मास्क आणि ‘हे का करायचे’ याचे प्रशिक्षण त्यांना मिळाले नाही, तर बाकीचे सारे कागदावरच राहते. वॉर्डात सर्वाधिक फिरणारा आणि सर्वात कमी संरक्षण मिळणारा माणूस तोच असतो.

नातेवाइकांनी काय करावे?

- रुग्ण खोकत असेल तर मास्क आधी त्याला लावा, शक्य असेल तर. मग स्वतःला.
- एका रुग्णाजवळ एकच माणूस. लहान मूल, गरोदर महिला आणि वृद्धांना वॉर्डात नेऊ नका.
- बाळाला नेब्युलायझरने वाफ दिली जात असेल तर खिडकीजवळची जागा मागा आणि इतरांनी थोडे दूर उभे राहावे.
- वाट पाहायची असेल तर कोंदट व्हरांड्यापेक्षा आवारातील झाडाखाली बसा. नंबर आला की बोलावण्याची विनंती करा.
- वॉर्डातून आल्यावर साबणाने हात धुवा. जुलाब-उलटीचा रुग्ण असेल तर सॅनिटायझरवर विसंबू नका.
- मुलांचे गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेत का, ते कार्डावर पाहा.
- खिडकी उघडायला परिचारिकेने सांगितले तर ‘हवा लागेल’ म्हणून ती लावू नका. थंडीत रुग्णाला पांघरूण वाढवा, खिडकी वितभर उघडीच ठेवा.

पुढे काय?

सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी २०१५ पासून केंद्राची ‘कायाकल्प’ योजना आहे. स्वच्छता, कचरा व्यवस्थापन, संसर्ग नियंत्रण यांवर गुण मिळतात आणि चांगल्या रुग्णालयांना बक्षीसही. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत; पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी रंगांची विभागणी आज बहुतेक कर्मचाऱ्यांना पाठ आहे. कारण ती मोजली जाते आणि तपासली जाते. वॉर्डातील हवेचेही तसेच व्हायला हवे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर खाटांची संख्या लिहिलेली असते. तिथेच ‘तासाला किती हवाबदल’ हाही आकडा लिहिता येईल.

नवी इमारत बांधताना समोरासमोर खिडक्या, उंच छत आणि ताप-खोकल्याच्या रुग्णांसाठी उघड्या पडवीतील वेगळी ओपीडी, या गोष्टी नकाशावर जवळपास फुकट मिळतात. इमारत झाल्यावर त्याच गोष्टींसाठी भिंती फोडाव्या लागतात. जुन्या इमारतीत एक्झॉस्ट फॅन, बाहेर बसवलेला कूलर, धुतलेली जाळी आणि एक मीटर, एवढ्यावरही बरेच साधते. यातील कशालाही मोठा निधी लागत नाही. लागतो तो रोज सकाळी खिडकी उघडणारा हात आणि ती उघडली का, हे विचारणारा कुणी तरी.

पुढचा साथीचा आजार कोणता असेल, ते आज सांगता येत नाही. त्याचे नाव कळेपर्यंत तो कुठल्या तरी साध्या वॉर्डात, साध्या तापाचा रुग्ण म्हणून चार-पाच दिवस राहून गेलेला असेल. त्या चार-पाच दिवसांत शेजारच्या खाटेवरचा रुग्ण, त्याची सोबत करणारी बायको आणि फरशी पुसणारी मावशी सुरक्षित राहतील की नाही, हे त्या वॉर्डाची हवा ठरवेल.